बारावा पडदा

पाराचोत सकाळी सात वाजता
गावभर करवतींचा आवाज असतो
आणि आमच्या वर्गात वीपे सरांच्या खडूचा.
पाच, नऊ, तेरा, सतरा.
“पुढचं पद?”
एकवीस, आम्ही म्हणतो, जांभई न आवरता.
“फरक किती?” चार. “सगळीकडे तोच?” तोच.
“म्हणून तो सामान्य फरक.”
“सामान्य, तर काय फरक पडतो,” मागून एलेआसार पुटपुटतो.

मला ही श्रेढी घरची वाटते.
बाबा दर शनिवारी बिस्किटांच्या डब्यात
दोनशे पेसो टाकतात,
गिटार विकली तरी, नाही विकली तरी.
ऑक्टोबरातल्या कुठल्याही शनिवारचा डबा
मी न उघडता सांगते.
डबा आबुंदिओच्या प्रवासासाठी होता.
तो गेला. डबा अजून भरतोय.

मग सरांनी दुसरी ओळ लिहिली,
मिळवायची नाही, गुणायची.
तीन, सहा, बारा, चोवीस,
तिथवर मी सोबत होते,
नंतर खडू पळत सुटला.
चाचणीत दहापैकी साडेचार.
खाली लाल शाईत: ‘घरी विचार.’
विचारू, की विचार करू, ते कळलं नाही.

बाबा चौथीनंतर शाळेत गेले नाहीत.
गिटारच्या मानेवर पडदे बसवताना
ते तार मोजतात, साडेसहाशे मिलिमीटर,
अठराने भागतात, तिथे पहिली खाच.
उरली तिला पुन्हा अठराने. दुसरी.
छत्तीस. चौतीस. बत्तीस.
मी म्हटलं, दोन दोनने उतरतंय, ही तर सोपी!
बाबांनी पट्टी पुढे सरकवली.
तीस. एकोणतीस. सत्तावीस.
फरकच पातळ होत चालला होता
रंध्याखालच्या सालीसारखा.
“मी वजा करत नाही,” बाबा म्हणाले,
“जे उरतं त्यातला तेवढाच हिस्सा घेतो, दर वेळी.”
“मग तार संपते कधी?”
“तार नाही संपत. लाकूड संपतं.”

रात्री मी सतरा छेद अठरा बारा वेळा गुणलं.
बाराव्या पडद्यावर तार बरोब्बर अर्धी हवी,
तोच सूर, वरच्या घरातला.
माझी अर्धीहून अडीच मिलिमीटर लांब निघाली.
चारदा तपासलं. भीत भीत सांगितलं.
“ठाऊक आहे,” बाबा म्हणाले,
“माझे वडीलही तेवढंच चुकायचे.
घोडी जरा पुढे घ्यायची. किती, ते कान सांगतो.”

त्याच वहीच्या शेवटच्या पानावर
आणखी एक श्रेढी होती, कुणाला न दाखवलेली.
शिकागोहून आबुंदिओचे फोन:
एका दिवसाने, मग दोन, चार,
आठ, सोळा, बत्तीस.
पुढचं पद मला येत होतं.
तारीखही काढली होती, मार्चमधला एक मंगळवार.
मग थांबवेना. त्याच्या पुढचं, त्याच्या पुढचं.
पंधराव्या पदाशी
एका फोनला पंचेचाळीस वर्षं लागत होती.

वही तपासायला दिली तेव्हा
ते पान फाडायचं राहिलं.
कशाचे आकडे, सरांनी विचारलं नाही.
खाली पेन्सिलीने लिहिलं, लाल शाईने नाही:
‘गुणाकार बरोबर.
सहा पदांवरून नियम ठरत नाही.’

एकेचाळिसाव्या दिवशी फोन वाजला.
देवदार आला का, आबुंदिओने विचारलं,
बाबांची पाठ, माझे मार्क.
सात, मी सांगितलं.
“सात!” तो इतक्या मोठ्याने ओरडला
की मी फोन कानापासून लांब धरला.
मागे बाबा बाराव्या पडद्यावर बोट ठेवून
तीच तार पुन्हा पुन्हा छेडत होते.
घोडी अजून चिकटवलेली नव्हती.
तिकडे तो एकदम गप्प झाला.
मला वाटलं, लाईन गेली.
“खाली आहे,” मग तो म्हणाला,
“केसभर. बाबांना सांग.”